फेटे गोळा करणारा जावई

धुडकू हे आमच्या मालकाचं नाव. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण मैदानावर सगळा शहादा तालुका ते नाव घसा फाडून ओरडत होता, मग मीच काय घोडं मारलंय?

बिनआईबापाचं पोर. नंदुरबार स्टेशनात रेल्वेच्या बाबू लोकांबरोबर फुटबॉल शिकलेलं. खेळायचं मधे. ना गोल करायचा, ना अडवायचा. इकडून बॉल घ्यायचा, तिकडं हव्या त्याच्या पायात नेऊन द्यायचा, बस्स! पण हा गडी असला की संघ नीट चालतो, हे सगळ्या गावांना कळलेलं.

प्रांतसाहेबांनी जिंकणाऱ्या गावाला ढाल ठेवली होती. नियम असा, की खेळाडू गावचाच हवा, नाहीतर गावचा जावई. झालं! सामने आले की कुठलं तरी गाव ह्यांना नारळ आणि फेटा देऊन लग्न ठरवायचं, सामने संपले की मोडायचं. म्हणायचे, जातीचा आहे, पण शेत कुठंय? फेटा तेवढा ह्यांच्याकडं राहायचा.

छत्तीस साली पाळी आली आमच्या कळसाडीची. माझे वडील गिरधर पाटील त्या ढालीपायी वेडे झालेले. मला म्हणाले, "गजरे, नारळ देसूत. ढाल घर उनी का मोडी टाकसूत."

म्हणजे ढाल घरी आली की लग्न मोडायचं. मी मान डोलावली. सामन्यांच्या दिवसांत हे जेवायला आमच्या ओट्यावर. एकदा मी वरणात मीठच विसरले. सगळे माझ्या अंगावर ओरडले. हे मुकाट जेवले आणि उठताना हळूच म्हणाले, "वरण झकास व्हतं." खोटारडा मेला! तिथंच माझा जीव जडला. मला हा माणूस हवा होता, आणि ढालीपुरता नाही, कायमचा.

शेवटचा सामना नदीपलीकडच्या गावाशी. त्यांचा कप्तान भिला. मागल्या साली ह्यांचं लग्न ठरून मोडलं ते त्याच्याच बहिणीशी, जसोदाशी. आता तिचं दुसरीकडं झालेलं, सुखात होती. शहाद्याच्या बाजारात मी तिला गाठलं. म्हटलं, "बाई, भावाला हरकत घ्यायला लाव. नुसत्या नारळाचा जावई कसला?" ती पोट धरून हसली आणि कबूल झाली.

शिट्टी वाजायच्या आत भिला पंच मामलेदारांपुढं आला. "मामलेदारसाहेब, हाऊ त्यासना जवाई नही! मांगला साल आमना व्हता!"

गर्दीतून आणखी दोन गावं उठली. "त्याना पहिले आमना!"

मामलेदारांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "लग्न लागलं तोच जावई. ज्याला हवा त्यानं आत्ता लावावं, नाहीतर हा बाहेर."

बाकीची गावं गुपचूप खाली बसली. वडील घामाघूम. एकीकडं ढाल, एकीकडं बिनशेताचा जावई. त्यांनी ढालीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून उभी होते, लुगडं मात्र नवं नेसून आले होते.

"भटजी कोठे शे?" वडील ओरडले.

अंतरपाट म्हणून ह्यांचाच एक जुना फेटा धरला, तोही भिलाच्या गावचा! अक्षता पडल्या, शिट्टी वाजली, आणि हे मुंडावळ्या सोडून धावत सुटले.

ढाल? हरलो की! नवरदेवाचं लक्ष बॉलवर होतं कुठं? वडील महिनाभर जावयाशी बोलले नाहीत.

मी मात्र दहा वर्षं मनातल्या मनात तोऱ्यात होते. नवरा मी डोकं लावून मिळवला! परवा जसोदा एका लग्नात भेटली. तो विषय निघाला तशी म्हणाली, "अवं, तुन्हा आधी तोच उनथा मन्हाकडे. हाईच सांगी गया."

म्हणजे माझ्या आधी हेच तिच्याकडं जाऊन, भावाला हरकत घ्यायला लाव, म्हणून सांगून आले होते! मी घरी येऊन कमरेवर हात ठेवून ह्यांच्यापुढं उभी राहिले. "इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू इतली खूश व्हती," हे म्हणाले, "मंग कसाले सांगू?"

असा संताप आला! रात्री मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. ह्यांनी दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाले, "झकास शे."