विहीणबाईचं नाव बदललं

कापूरहोळला आमचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. २००४च्या उन्हाळ्यात अब्बांनी तिथं कॉम्प्युटर आणला आणि दहावीत जाणारी मी, शाहीन, लगेच त्याची मालकीण झाले.

पहिलं गिऱ्हाईक कामथडीच्या चंद्राबाई. हळदीत विहिणीला चिडवणारी गाणी म्हणावीत तर त्यांनीच. पण दुखण्यात आवाज गेला, आणि आता धाकट्या लेकीची हळद आली. पिशवीतून कॅसेट काढून त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "थोरलीच्या हळदीतली हाय. टेपात अडकती. शीडी करून दे. धाकटीलाबी माजाच आवाज पायजे."

मी टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली, कॅसेट लावली. वाजेल तसंच गाणं आत उतरणार, म्हणून आम्ही बसून राहिलो.

"एवडं मोटं मशीन, आन् समदं गाणं ऐकल्याबिगर घेता येत न्हाई त्याला?" चंद्राबाईंनी विचारलं.

अब्बा म्हणाले, "आमच्या शाहीनसारखंच हाय ते. निम्म्यात उठवलं की समदं विसरतं."

गाणं मात्र झकास होतं:

'विहीण फुलाबाई, हिचा तोरा लई मोटा,
हिच्या पुरणपोळीत गं पुरणाचाच तोटा.'

"पण मावशी, फुलाबाई तर थोरलीच्या सासू. आताच्या विहीण मंगलबाई ना?"

चंद्राबाईंचं तोंड उतरलं.

"मी बदलते की," मी म्हणाले. त्यांच्याकडून 'मंगलबाई' वदवून घेतलं आणि प्रत्येक फुलाबाईच्या जागी चिकटवलं.

हळदीला मांडवात मीच सीडी लावली. गोड गळा 'विहीण' म्हणायचा, मध्येच बेडूक 'मंगलबाई' म्हणायचा, की पुन्हा गोड गळा. बायकांची हसून मुरकुंडी. मंगलबाईही हसत होत्या. पण पाहुण्यांतून फुलाबाई ताडकन उठल्या.

"माजं नाव कुठं गेलं?"

"आता विहीण ह्या आहेत ना, म्हणून—" मी सांगू लागले.

"तू गप, पोरी. बारा वर्सं ह्ये गाणं माजं हाय. विहीणबाई, ते मशीन बंद करा आन् तोंडावर म्हना."

"आवाज कुठं राहिलाय," चंद्राबाई पुटपुटल्या.

फुलाबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच सुरू केलं:

'विहीण चंद्राबाई, हिचा बसला गं गळा,
शिकली बया शीडीआड लपायाच्या कळा.'

हळदीत टोमणा परतवला नाही तर मुलीकडच्यांची हार. चंद्राबाईंच्या मानेची शीर फुगली. आधी नुसती खरखर निघाली, मग तीच पुरणपोळी आली, फाटक्या आवाजात पण ठसक्यात, फुलाबाईंच्या नावासकट. हळद माखलेली नवरी हसता हसता रडायला लागली. सीडी मी केव्हाच बंद केली होती.

फुलाबाई समाधानानं खाली बसल्या आणि मंगलबाईंना म्हणाल्या, "ह्ये खरं. आता तुमची पाळी, नीट बसून ऐका."