किलीचा काळा तारा

लाबिन मामाने मला त्याचा झेंडा शिवायला सांगितलं तेव्हा मी चुलीवर नीरफणस भाजत होते. सांगितलं त्यात नवल नव्हतं. आमच्या मूळच्या बिकिनी बेटांवर जन्मलेलं माणूस गेलं की शवपेटीवर बिकिनीचा झेंडा घालायचा आणि तो त्याच्याबरोबर खाली जाऊ द्यायचा, ही आम्हा किलीवरच्यांची रीत. आणि किलीवर झेंडे शिवणारी मी एकटी. तिथे जन्मलेले आता अकराच उरले होते. त्यातल्या चौघांनी आपापले झेंडे आधीच माझ्याकडून शिवून घेऊन ठेवले होते. मामा तेवढा टाळत आला होता.

"पण एक सांगतो, लिजोन," तो म्हणाला. "माझ्यावर खालचे दोन काळे तारे नकोत."

माझं बोट निखाऱ्याला लागलं. "काय नकोत?"

"बहिरी झालीस का? किलीचा आणि एजितचा. निळ्यातले तेवीस पांढरे हवेत, ती आपली बेटं. पलीकडच्या टोकाला वरचे तीन काळे, तेही असू देत. अमेरिकेने बाँबने उडवली म्हणून ती बेटं परकी होत नाहीत. पण हे खालचे दोन? आपल्याला आणून टाकलं त्या जागा ह्या. मेल्यावरसुद्धा तुरुंगाचा शिक्का अंगावर घेऊन जाऊ होय?"

"तुरुंग म्हणे! साठ वर्षं या तुरुंगात बसून जेवलास ते?"

"जेवलो ना. डब्यातलं मांस."

बोलण्यात मामाला आजवर कोणी हरवलेलं नाही. मी नीरफणस त्याच्यापुढे आपटला. त्याचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते, तरी तो आवाजाच्या दिशेने हसला.

"सोलून दे गं. दिसत नाही मला."

"बेटं बरी दिसतात तेवढी!"

"ती दिसतातच," तो म्हणाला, आणि मी नीरफणस सोलायला घेतला.

तो दोनदा हाकलला गेलेला माणूस. पहिल्यांदा पंधरा वर्षांचा असताना, बाँबची चाचणी करायची म्हणून अमेरिकनांनी जहाजात घालून नेलं, थोड्या दिवसांसाठी म्हणून. मग चाळिशीत परत जा म्हणाले, सगळं ठीक आहे म्हणाले, तेव्हा बायकोला घेऊन गेला. घर बांधलं, माडाची रोपं लावली. रोपांना नारळ धरले आणि तेच लोक येऊन म्हणाले, खाऊ नका, मातीत विष आहे, चला परत. तेव्हापासून तो माझ्याकडे. त्याआधीही, माझा बाप गेल्यावर, मला वाढवलं ते यानेच. माझा जन्म किलीचा. मी बिकिनी पाहिलेली नाही. पण ते त्याला समजावणार कोण?

"मी किती झेंडे पाहिले मोज," तो म्हणायचा. "जपान्यांच्या लाल गोळ्यापुढे वाकलो. मग अमेरिकेचा आला. मग तो निळा, सहा ताऱ्यांचा. मग आपल्या देशाचा, दोन पट्ट्यांचा. एकानेही विचारलं नाही, लाबिन, तुला कसा हवा? निदान शेवटचा तरी माझ्या म्हणण्याने शिव."

मी म्हटलं, बघू.

त्याला काय ठाऊक, तो मला कोणाला काढायला सांगत होता.

माझा मुलगा रिक्सन बावीस वर्षांचा होता. किलीला बिकिनीसारखं बेटांनी वेढलेलं शांत पाणी नाही, चारी बाजूंनी उघडा समुद्र. नऊ वर्षांपूर्वी डिसेंबरात, दोन महिने वाट बघायला लावून जहाज आलं आणि बाहेर खोल पाण्यात उभं राहिलं. घराघरातला तांदूळ संपलेला. पोरं लहान होडी घेऊन पोती आणायला गेली. येताना होडी खडकापाशी उलटली. तिघे पोहत आले. तांदळाची पोती दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली. रिक्सन लागला नाही. चार दिवस शोधला, मग पाद्र्यांनी प्रार्थना म्हटली आणि सगळे घरी गेले.

थडगं नाही त्याला. रविवारी बायका आपापल्या माणसांच्या थडग्यांवर नवे पांढरे खडे पसरतात, तेव्हा मी नुसती हात बांधून उभी असते. काय करणार? पुढच्या मार्चात, बिकिनी सोडल्याच्या आठवणीच्या सणाचा झेंडा शिवायला घेतला. लाल-पांढऱ्या पट्ट्या झाल्या, पांढरे तारे झाले, वरचे काळे झाले, आणि किलीच्या ताऱ्यापाशी आल्यावर माझा पाय मशीनवर चालेचना. तो तारा मी हाताने लावला. तेव्हापासून सगळे तारे मशीनवर आणि किलीचा तेवढा हाताने. लावताना त्याच्याशी बोलते. जेवलास का, पाऊस फार झाला, तुझ्या बहिणीला अमेरिकेत दुसरी मुलगी झाली, असलंच काहीतरी. कोणाला सांगितलं नव्हतं. वेडी म्हणाले असते, आणि खोटं नसतं म्हणाले.

आणि हा म्हातारा म्हणतो, काढून टाक!

मी दिवस काढत राहिले. मामाच्या छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यातली पोरगी मला बाजूला घेऊन म्हणाली, मावशी, आता फार दिवस नाहीत. तरी मी कात्री हातात घेईना. मामा रोज सकाळी विचारायचा.

"झाला का माझा झेंडा?"

"लाल कापड नाही."

"परवाही नव्हतं."

"परवाही जहाज नव्हतं."

"मग मी जहाज येईपर्यंत थांबतो," तो म्हणायचा. "तू सांग समुद्राला."

मग एका सकाळी त्याने विचारलंच नाही. उशीला टेकून दम खात बसला होता. मी पेज भरवायला गेले तर त्याने माझं मनगट धरलं.

"पोरी, आजवर तुझ्याकडे काही मागितलं का मी?"

मी आठवून पाहिलं. मेल्याने खरंच काही मागितलं नव्हतं. खोड्या काढल्या, टोमणे मारले, पण मागितलं कधीच नव्हतं. मला इतकं रडू आलं की पेज तशीच ठेवून मी मशीनपाशी जाऊन बसले. लाल कापड पेटीतच होतं.

तीन दिवस लागले. तेवीस पांढरे, तीन काळे. 'सगळं देवाच्या हाती' ही खालची अक्षरं लावली. उजवीकडचा खालचा कोपरा कोरा राहिला. किलीचा काळा तारा मी सवयीने कापून ठेवला होता. तो झग्याच्या खिशात घातला आणि झेंडा मामाच्या मांडीवर नेऊन टाकला.

"घे. बघ तुझ्या हाताने."

त्याने निळा चौकोन शोधला. एकेका ताऱ्यावर बोट ठेवत तो बेटांची नावं घेऊ लागला, हळू, मध्ये दम खात. तेविसावं नाव घेऊन झालं तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता. मग पट्टीवरून बोट सरकवत पलीकडच्या टोकाला गेला. वरचे तीन लागले. खाली आला. चाचपलं. परत चाचपलं.

"कोरा आहे," तो म्हणाला. "आता बरं वाटलं."

"तुला बरं वाटलं!" मी ओरडलेच. "बरं वाटायला काय जातंय तुझं? माझ्या पोराला हाकलून दिलंस तू!"

"कोणाला?"

मग सगळं बाहेर पडलं. हाताने लावायचा तो तारा, त्याच्याशी बोलणं, थडग्यावर पसरायला नसलेले खडे, सगळं. मरायला टेकलेल्या माणसासमोर मी गळा काढून रडले. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

मामाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली.

"नऊ वर्षं?" तो म्हणाला.

"नऊ."

"आणि मी रोज तुझ्या तोंडावर किलीला शिव्या घालत होतो."

"घालत होतास."

"तोंडावर मारायचं होतंस माझ्या."

"मारणार होते कितीदा."

तो हसायला गेला आणि खोकला आला. पाठ चोळून दिली. खोकला थांबल्यावर त्याने हात पुढे केला. "तो तारा कुठेय? दे इकडे."

मी खिशातून काढून दिला. त्याने पाची टोकं बोटांनी पाहिली.

"लावते परत," मी म्हटलं. "एकटा किलीचा लावते. तुला चालेल ना?"

"नाही चालणार," मामा म्हणाला. "अगं, किलीने त्याला घेतलंय, आणि तू त्याला किलीच्याच अंगावर शिवून ठेवतेस? हे कसलं घर दिलंस पोराला?"

"मग कुठे ठेवू? आहे का दुसरी जागा?"

"वर. आपल्यांत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी म्हटलं, "वर तेवीस असतात, मामा. तेवीस बेटं. आणि तो तर कधी तिथे गेलाही नाही. त्याला ओळखतं कोण तिथे?"

"मी चाललोय ना," मामा म्हणाला. "मी दाखवीन की त्याला सगळं. पांढरा काप. माझ्याबरोबर पाठव त्याला, लिजोन. इथे ठेवू नकोस."

त्या दुपारी मी पांढरा तारा कापला, पण लावायला बसले नाही. नऊ वर्षं मी त्याला जपलं होतं, सणाच्या झेंड्यावर का होईना, दरवर्षी माझ्या हातात यायचा. हा गेला की गेलाच. मामाबरोबर मातीत. मग मी बोलू कोणाशी? संध्याकाळी मामाने विचारलं, "लावलास?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी विचारलं, "लावलास?" नाही. "बरं." तिसऱ्या दिवशी त्याला बोलता येईना, नुसत्या भुवया उचलल्या. तेव्हा मी त्याच्या पायाशी बसून, त्याच्यासमोर, निळ्या चौकोनात तिसऱ्या ओळीतल्या शेवटच्या दोन ताऱ्यांमध्ये चोविसावा हाताने लावला. रिक्सनशी जे बोलायचं ते बोलून घेतलं. मामाने ऐकलं असेल तर ऐकलं असेल.

शनिवारी सकाळी तो गेला.

एजितहून माणसं विमानाने आली. खालचे दोन तारे नाहीत हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. चर्चचा वडीलधारा ओबेत तर त्यावरून माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हता. ओबेत मामाचा लहानपणचा सोबती, त्याच जहाजातून आलेला, आणि आता उरलेल्या दहांतला एक. शेवटी "म्हाताऱ्याची शेवटची खोड, चालू दे" म्हणून त्याने सोडून दिलं होतं. पण खड्ड्याच्या कडेला शवपेटी ठेवली, पाद्र्यांची प्रार्थना चालली, तेव्हा मी पाहिलं, ओबेतची मान खाली होती आणि बोट हलत होतं. एकेक तारा मोजत होता. प्रार्थना संपली. दोर धरलेले बाप्ये वाकले.

"थांबा," ओबेत म्हणाला. "लिजोन, हे काय? खाली दोन गायब आणि वर एक जास्त! चोवीस आहेत हे."

लोक पुढे सरकले. कोणीतरी मोजायला लागलं. एक बाई म्हणाली, वय झालं आता हिचं.

"चुकीचा झेंडा घेऊन नाही जायचं त्याने," ओबेत म्हणाला. त्याने खिशातून चाकू काढून उघडला. "आणि फार काही नाही, चार टाके उसवले की झालं. सांग, यातला जास्तीचा कुठला?"

मला बघायची गरज नव्हती. तिसऱ्या ओळीत, शेवटून दुसरा. जवळून पाहिलं असतं तर टाक्यांवरून ओबेतलाही कळला असता. मी शवपेटी आणि तो, यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"जास्तीचा एकही नाही, ओबेत," मी म्हटलं. "त्यातला एकही जास्तीचा नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या डिसेंबरात चारही दिवस स्वतःची होडी घेऊन रिक्सनला शोधणारा हाच होता. चौथ्या दिवशी माझ्या दारात येऊन बसून राहिला होता. त्याने चाकू मिटला.

"देशाच्या झेंड्यावर जो तारा असतो ना," तो लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "त्याला चोवीस टोकं. त्यात घोळ झाला बाईचा. होतं असं. सोडा खाली."

दोर सैल झाले. निळा चौकोन शेवटपर्यंत दिसत होता, मग सावलीत गेला.

रीतीप्रमाणे नात्यातल्या बाईने पहिली वाळू टाकायची. मी मूठभर घेतली आणि मामाच्या नावाने टाकली. मग परत वाकले आणि आणखी एक मूठ घेतली.

"टाकलीस की एकदा," ओबेत हळूच म्हणाला.

"माहितेय," मी म्हटलं, आणि दुसरी टाकली.