पाकोळी, मास्ट्रिख्ट

"ठेवा हो तो कप! पाहुण्यानं भांडी विसळलेली आमच्याकडे चालत नाही."

"आणि उष्टा कप दुसऱ्याला उचलायला लावलेला माझ्या आईला चालत नाही," पद्मजा म्हणाली आणि तिनं नळ सोडला.

एकोणनव्वद वर्षांच्या स्मेट्सबाई काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या, पण तोवर उशीर झाला होता. पद्मजा बोलत होती डचमध्येच. तिचा नवरा विश्वास त्याला पुणेरी डच म्हणायचा: व्याकरण चोख, आवाज चढा.

विश्वासच्या नोकरीपाठोपाठ ती एकोणीस वर्षांपूर्वी युट्रेख्टला आली. सुरुवातीची काही वर्षं घर आणि मुलीची शाळा यांतच गेली. आता ती तिथल्या एका संग्रहालयात जुनी मासिकं स्कॅन करून त्यांतला मजकूर टाइप करत असे. सध्या मूकपटांच्या काळातलं एक सिनेसाप्ताहिक हातात होतं, आणि त्यातल्या वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या पानानं तिला अक्षरशः वेड लावलं होतं. कारण त्या पानावर पत्रं नसायचीच. छापली जायची ती फक्त उत्तरं, तीही टोपणनावांना. 'चांदणी, द हेग: निळे.' झालं, संपलं उत्तर! निळे काय, तर डोळेच असणार. संपादकमहाशय म्हणजे साक्षात दुर्वास. पद्मजा प्रत्येक उत्तराला मनातल्या मनात प्रश्न जोडायची आणि जेवताना विश्वासला ऐकवायची.

"अगं, तुला डेटा एंट्रीला ठेवलंय की गॉसिप कॉलमला?" तो विचारायचा.

अशात संग्रहालयाकडे मास्ट्रिख्टहून स्मेट्सबाईंचं पत्र आलं. त्यांची आई लेना तिथल्याच चिनीमातीच्या कारखान्यात कपबशांवर फुलं रंगवायची. पंधराव्या वर्षी ती या साप्ताहिकाला पत्रं पाठवत असे आणि पुढे आयुष्यभर सांगत राहिली, की संपादक जातीनं माझी विचारपूस करायचे. घरात सगळे हसायचे. 'आईची थाप' हा त्या घरात वाक्प्रचारच झाला. धाकटा भाऊ पीट शहाऐंशीचा झाला तरी हवामानाचा अंदाज ऐकून म्हणतो, ही आईची थाप. खरं मानलं ते एकट्या स्मेट्सबाईंनी. आता त्यांना ते एकदा छापलेलं बघायचं होतं. पण आईचं टोपणनाव त्यांना ठाऊक नव्हतं. सांगितलं तर ते टोपणनाव कसलं, असं आई म्हणायची.

म्हणून पद्मजानं मास्ट्रिख्टच्या पत्त्यावरची सगळी उत्तरं छापून घेतली आणि दोन तासांची गाडी पकडून ती इथवर आली. तीस नावं वाचून झाली. राजकन्या, एकटी, काळे मोजे. प्रत्येक नावाला बाईंनी नकारार्थी मान हलवली. खास आईच्या कपांतून दिलेली कॉफीही संपली आणि आशाही.

पद्मजानं कप विसळला आणि सवयीनं ओट्यावर उपडा घातला. तळाला एक चिमुकली निळी पाकोळी होती.

"हे काय आहे?"

"आईची खूण. कपावर नाव घालायला परवानगी नव्हती ना. प्रत्येक रंगवणारीची आपली एक खूण असायची."

पद्मजाला एकदम कानकोंडं झालं. तिनं ओले हात पदर नसल्यानं स्वेटरलाच पुसले.

"बाई, एक नाव मी मुद्दामच वाचलं नाही. पाकोळी. त्या मुलीला संपादक फार टाकून बोललाय. म्हटलं, ती तुमची आई नसलेलीच बरी."

स्मेट्सबाई खुर्चीत बसल्या. "वाचा."

"जून १९२६. पाकोळी, मास्ट्रिख्ट: नाही. त्यांचं लग्न झालं आहे आणि तुम्ही पंधरा वर्षांच्या आहात." पद्मजाचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. "सप्टेंबर. पाकोळी, मास्ट्रिख्ट: हा तुमचा चौथा फोटो. नटी व्हायला उंची लागते. पाचवा पाठवू नये. आणि नोव्हेंबर. पाकोळी, मास्ट्रिख्ट: पाचवा मिळाला."

बाईंची मान खाली होती. पद्मजानं मनात स्वतःला शंभर शिव्या घातल्या. मग बाईंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"पाचवा मिळाला! ही आईच. नको म्हटलं की तिला चेव यायचा." त्यांनी डोळे पुसले आणि हळूहळू हसू मावळलं. "पण ही काही विचारपूस नव्हे. म्हणजे पीटचंच खरं. थापच."

पद्मजाला फार वाईट वाटलं. काहीतरी करायचं म्हणून तिनं कागद उलटला. पुढच्या वर्षाचा खंड सहकाऱ्यानं टाइप केला होता. तिनं तो नुसता छापून आणला होता, नावांपलीकडे वाचला नव्हता. त्या पानावर पाकोळीच्या नावे एकच उत्तर होतं.

"एप्रिल १९२७. पाकोळी, मास्ट्रिख्ट: नऊ आठवडे पत्र नाही. प्रकृती बरी आहे ना? फोटोही चालेल."

या उत्तराला जोडायला पद्मजाला प्रश्न सुचेना. कुणी काही विचारलंच नव्हतं.

"फेब्रुवारीत आजोबा गेले," स्मेट्सबाई म्हणाल्या. "पाठच्या चार भावंडांचं आईवर पडलं. पत्रं कसली लिहितेय. पण हे तिनं वाचलं होतं. म्हणून तर सांगायची."

त्यांनी लगेच फोन लावला. "पीट, बसलायस ना? मग उभा राहा. आईबद्दल सांगायचंय."

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाटातून एक पोस्टकार्ड काढलं.

"उत्तर द्यायला हवं. माणसानं इतक्या आपुलकीनं विचारलंय."

"अहो, ते साप्ताहिक बंद पडून जमाना झाला!"

"म्हणून काय झालं? उशीर आमच्याकडून झालाय." आणि त्यांनी तिकीटसुद्धा चिकटवलं. बिनतिकिटाचं पत्र म्हणजे अपमान, म्हणाल्या.

सोमवारी पद्मजानं कुणालाही न विचारता ते कार्ड एप्रिल १९२७च्या अंकात ठेवलं. ठेवण्याआधी एकदा वाचलं.

'पाकोळी, मास्ट्रिख्टकडून: प्रकृती शेवटपर्यंत उत्तम होती. मुलं दोन. उंची वाढली नाही. सोबत सहावा फोटो.'

फोटोत ऐंशीची एक बुटकी बाई हातात कप धरून, मान किंचित वळवून बसली होती, अगदी नटीसारखी.