नाक जागेवर असल्याबद्दल

आधीच सांगून टाकतो: आमच्या गाडीची एअरबॅग आणि स्टिअरिंग आम्ही घरच्या घरी काढलं, परत बसवलं, आणि माझं नाक चेहऱ्याच्या मधोमध, पूर्वी होतं तिथेच आहे. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजतो. नाहीतर पुढे जिथे तुम्ही श्वास रोखून धरायचा आहे, नेमके तिथेच तुम्ही पाणी प्यायला उठाल.

तर, गाडी. गाडी ताईची. ताई नर्स आहे आणि तिची ड्यूटी कधीही असते. महिनाभर डॅशबोर्डवर एक लाल दिवा पेटलेला होता: मांडीवर फुगा घेऊन बसलेला माणूस. त्याच सुमारास हॉर्न गेला. त्यामुळे ताई खिडकीतून डोकं बाहेर काढून "काका, सरकता का जरा?" असं विचारत गाडी चालवायची. लोक सरकायचेही. काही जण तब्येतीचं विचारून घ्यायचे.

मामांनी एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "स्टिअरिंगच्या मागे पट्टीसारखी एक वायर गुंडाळलेली असते. ती तुटलीय. हॉर्न तिच्यातून, एअरबॅगही तिच्यातूनच. उद्या गाडी कुठे धडकली, तर पिशवी उघडणार नाही."

वर्कशॉपवाल्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती.

"तीन आठवडे पोरगी अशीच चालवणार?" मामा म्हणाले, आणि रविवारी दुपारी दोन वाजता नवी वायर आणि हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर झाले. ताईची ड्यूटी चारला होती.

मामांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यांच्या हाताला एकूण साडेनऊ बोटं आहेत. राहिलेलं अर्धं लिफ्टच्या खड्ड्यात गेलं. मामा खाली काम करत होते, वरून कोणीतरी ओरडलं, "बंद केलंय!" मामांनी विश्वास ठेवला. अपघाताच्या कागदावर 'हानी' या रकान्यात साहेबांनी लिहिलं: किरकोळ. तेव्हापासून मामा कोणाच्याही 'बंद केलंय'वर विश्वास ठेवत नाहीत. आमच्याकडे आले की गॅसची शेगडी स्वतः जाऊन बघतात. आई म्हणते, "दादा, स्वयंपाक झाला माझा, बंद आहे ती." मामा म्हणतात, "असेल." आणि बघतात. यावर मी बरीच वर्षं विनोद केले. चांगले होते. आता मागे घेतो.

एअरबॅग अडकवणारे खटके स्टिअरिंगच्या मागून दाबायला धड दहा बोटं लागतात, म्हणून काम माझ्याकडे आलं.

"आत फटाक्यासारखी दारू असते," मामांनी समजावलं. "धडक बसली की पेटते, आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. तू स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर वाकलेला असताना फुगली, तर नाक मानेच्या मागच्या बाजूला शोधावं लागेल."

"सापडेल ना पण?"

"शहाण्या, चाकं सरळ कर, किल्ली काढ आणि खाली उतर."

मामांनी किल्ली खिशात टाकली, बॅटरीची काळी वायर सोडवली आणि म्हणाले, "आता दहा मिनिटं. गाडीच्या पुस्तकात तसं लिहिलंय. वायर काढली तरी आत थोडी वीज साठून असते. ती विझू दे."

दहा मिनिटं नुसतं उभं राहून काय करणार? आम्ही आत चहा प्यायला गेलो. गाडीपाशी राहिले फक्त बाबा.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. बंद घड्याळ त्यांना बघवत नाही. लग्नाकार्यात हॉलच्या भिंतीवर बंद घड्याळ दिसलं की ते यजमानांकडे स्टूल मागतात. एकदा एका अंत्ययात्रेत... जाऊ दे. ते घड्याळ मात्र अजून छान चालतंय.

आम्ही परत आलो. दहा मिनिटं झाली होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, स्टिअरिंगवर वाकलो आणि मागच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालणार, एवढ्यात मामा म्हणाले, "उतर."

"का?"

"बॅटरी बघून येतो."

"अहो मामा, तुम्हीच तर काढलीत मघाशी!"

"मघाशीचं मघाशी. उतर."

ताई दारातून ओरडली, "मामा, तीन वाजत आले! एकदा नाही बघितलं तर बिघडेल काय?"

"याचं नाक," मामा म्हणाले आणि बॉनेटकडे गेले.

मी उतरलो. डोळे फिरवत उतरलो, हेही नोंदवून ठेवतो. बॉनेटच्या आडून अगदी हळू आवाजात प्रश्न आला.

"ही वायर कोणी लावली?"

वायर बॅटरीवर होती. व्यवस्थित, घट्ट.

बाबा पुढे झाले. चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. "मीच लावली. गाडीतलं घड्याळ बंद पडलं होतं ना. ताईची दुसरी किल्ली खुंटीला होती. वायर लावली, वेळ लावली. तसंही आधी चार मिनिटं मागेच होतं, महिनाभर कोणाच्या लक्षातही नाही!"

"भाऊजी," मामा म्हणाले, "लावलीत ती लावलीत. काढली का नाही परत?"

बाबांनी मामांकडे असं पाहिलं, की जणू मामांना साधी गोष्ट कळत नाही. "काढली असती तर घड्याळ पुन्हा बंद पडलं असतं!"

मी माझ्या नाकाला हात लावला. ते होतं. मी पुन्हा लावला.

मग बाबांना माझा हात कुठे आहे ते दिसलं. माझ्यावरून त्यांची नजर स्टिअरिंगकडे गेली, तिथून मामांच्या अर्ध्या बोटाकडे, आणि ते पायरीवर बसले. म्हणाले, "मला वाटलं, एक मिनिटाचं काम."

मामा रागावले नाहीत. त्यांनी वायर पुन्हा काढली, तिच्या टोकाला माझा जुना मोजा बांधला, दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या आणि बाबांच्या शेजारी बसले. "भाऊजी, आता दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या घड्याळाचा भरवसा नाही. तुम्ही मोजा."

बाबांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं. दहा मिनिटं त्यांनी पापणी हलवली नसावी. "झाली," ते म्हणाले, आणि स्वतःहून पुढे, "वर पाच देतो. माझ्याकडून." पंधरा पूर्ण झाली तेव्हा मामा बोलायच्या आत बाबाच उठले, बॉनेटपाशी गेले आणि वाकून पाहून आले. मग मामाही जाऊन पाहून आले.

आता मी वाकलो. डावीकडचा खटका दाबला, टक्. उजवीकडचा, टक्. एअरबॅग लहान उशीसारखी हातात आली. मागचा पिवळा प्लग मामांनी सोडवायला लावला. "तोंड तुझ्यापासून लांब धर. चालताना पडू नकोस. टेबलावर उताणी ठेव, तोंड छताकडे. पालथी ठेवलीस आणि उघडली, तर तीच उडेल." आईने टेबल पुसून, खोली रिकामी करून दिली. "हिच्यावर काही ठेवू नका रे," एवढं बजावून दारही लावून घेतलं.

स्टिअरिंगचा मधला नट सैल झाला. मी तो काढूनच टाकणार होतो.

"चार आटे राहू दे," मामा म्हणाले. "आता ओढ."

आधी मी स्टिअरिंगवर आणि ते ज्या दांड्यावर बसतं त्याच्या टोकावर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारली, म्हणजे परत बसवताना वाकडं बसायला नको. मग ओढलं. हललं नाही. जोर लावला. नाही. सगळा जोर लावला आणि ते सुटलं, थेट माझ्या तोंडाकडे. चार आट्यांवरच्या नटाने त्याला बोटभर अंतरावर अडवलं.

एका दुपारी दोनदा. नाकाने इतकं लक्ष वेधून घेणं बरं नव्हे.

तुटलेली वायर निघाली. आतली पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गोल गोल गुंडाळलेली होती. बाबा तिच्याकडे टक लावून बघत म्हणाले, "हे तर आमच्याच खात्यातलं आहे." कोणी हसलं नाही, मग सगळेच हसलो. नवी बसवली, रेघेला रेघ लावून स्टिअरिंग चढवलं, नट आवळला, पिवळा प्लग जोडून एअरबॅग खुटकन बसवली. गाडीत कोणी नाही हे मामांनी सीटखाली वाकून पाहिलं आणि मगच बॅटरी जोडली, आणि बाहेरूनच हात घालून किल्ली फिरवली. लाल दिवा पेटला, सहा सेकंद राहिला, विझला. सेकंद बाबांनी मोजले.

चार वाजायला सात मिनिटं असताना ताई निघाली. कोपऱ्यावर तिने हॉर्न दिला. समोर कोणीच नव्हतं. उगाच दिला.

मी मामांना म्हणालो, "मामा, आज तुम्ही नसता तर..."

"शेगडी बंद आहे का बघ," मामा म्हणाले आणि चप्पल घालायला लागले.

मी बघितली. बंद होती. तरी बघितली. आभार त्यांना ऐकायचे नव्हते, म्हणून ते योग्य ठिकाणी पाठवायचं ठरवलं.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी,
(जो कोणी असेल तो)

विषय: डाव्या हाताचं अर्धं बोट परत मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त बोट अर्जदाराच्या मामांचं असून, आपल्या दप्तरी त्याची नोंद 'किरकोळ' अशी आहे. सदर बोटाअभावी मामांना लागलेल्या सवयीमुळे अर्जदाराचं नाक वाचलं असल्याने, 'किरकोळ' हा शब्द खोडण्यात यावा आणि बोट मूळ मालकास मूळ जागी, शक्यतो येत्या रविवारपर्यंत, बसवून देण्यात यावं. सवय मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावी.

आपला नम्र,
भाचा

सोबत: नाक, एक. (पाहून परत करावं.)