खाडीच्या तळाची चौकशी

मुंबईची इंच न् इंच भूमी मराठी माणसाची आहे, यावर त्या दिवसांत वरळीच्या कोळीवाड्यात दुमत नव्हतं. खाडीचा तळ तेवढा तेल कंपनीकडे होता. तिथून गेलेली तेलाची नळी कुठेतरी झिरपू लागली आणि चंपा कोळणीच्या पाटीतल्या माशांना रॉकेलचा वास यायला लागला.

"चंपे, हे मासे तळायचे की स्टोव्हमध्ये भरायचे?" दादरच्या वासंतीबाईंनी विचारलं. चंपेच्या आईच्या वेळेपासूनचं हे गिऱ्हाईक, तेही तुटलं.

"बाय, खाडीच्या तलात नली फुटलीय. मी काय करू?"

कोळीवाड्याने कंपनी गाठली. तिथले श्यामकांत साहेब फार नम्र होते. "ऑगस्टचा दुसरा पंधरवडा बघू. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने जरी तक्रार केली, तरी नळी उकरू."

भरती-ओहोटीच्या तिथींवर जगणाऱ्या मंडळींना ऑगस्ट नेमका कधी पडतो ते उमगलं नाही, पण बोलणं न्यायाचं वाटलं. चंपेनेही मान डोलावली.

पंधरवडाभर ती दादरच्या बाजारात पाटी घेऊन बसली. खाडीत मासे पोट वर करून तरंगत होते. साहेब रोज येऊन आपुलकीने चौकशी करून जात.

एकही तक्रार आली नाही. श्रावण चालू होता आणि दादरात मासे कोणी घेतच नव्हतं.