कललेली एल्सपेथ

मी एल्सपेथ बोलतेय. डंडीच्या गोदीत जन्मलेली, कोळसा खाऊन धूर सोडणारी आगबोट. रूप बेताचंच, पण माणसं मात्र मला फार मोलाची लाभली.

त्या हिवाळ्यात ओडेसाचा गहू भरून आम्ही घराकडे निघालो होतो. कप्तान रेनींबरोबर त्यांची बायको इसोबेलबाईही होत्या. आचारी डफ कुरकुरायचा, "बाई बोटीवर म्हणजे रोज रश्श्याला नावं ठेवणार."

बिस्केच्या उपसागरात वादळानं गाठलं. एका लाटेनं मला अशी आडवी केली, की पोटातला सगळा गहू डाव्या कुशीला घसरला. लाट निघून गेली, पण मी सरळ होईना. डावा कठडा पाण्यात गेला. त्या बाजूच्या जीव वाचवायच्या होड्या फुटल्या, उजवीकडच्या खाली सोडता येईनात.

कप्तानांनी स्वतःला सुकाणूपाशी बांधून घेतलं. खलाशी फावडी घेऊन कोठारात उतरले. उजवीकडे टाकलेला गहू लगेच खाली घरंगळायचा. धुळीनं त्यांचे जीव घुसमटले.

इसोबेलबाई धडपडत सुकाणूपाशी आल्या. "मी चादरींच्या पिशव्या शिवते. पिशवीत भरलेला गहू घरंगळत नाही."

"इसोबेल, तू केबिनमध्ये थांब."

"केबिन काय तरंगत राहणार आहे? तुम्ही बोट सांभाळा, गव्हाचं मी बघते."

कंदिलाच्या उजेडात, तिरप्या फळ्यांवर पाय रोवून त्या शिवत राहिल्या. चादरी संपल्या, अभ्रे संपले. मग त्यांनी आपली कपड्यांची पेटी उघडली.

"बाईसाहेब, हा तर लग्नातला झगा दिसतोय," डफ चाचरला.

"मग पिशवीचं तोंड नीट बांध. सुटलं तर तुलाच शिवायला बसवीन."

खाली म्हातारा मॅक्फी गुडघाभर पाण्यात, खांबाला कंबर बांधून भट्टीत कोळसा टाकत होता. तोंडात शिव्या, हातात फावडं. आग विझली असती, तर इंजिन बंद पडलं असतं आणि लाटांनी मला उलथीच केली असती. त्यानं ती विझू दिली नाही.

खलाशी भरलेल्या पिशव्या उजवीकडे रचत गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझा कठडा पाण्याबाहेर आला. मॅक्फी वर आला, डेकवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. डफनं त्याच्या हातात चहा दिला.

कार्डिफला लागलो तेव्हा इसोबेलबाई नवऱ्याचा कोट घालून उतरल्या. घालायला दुसरं उरलंच नव्हतं. बोटीच्या मालकांनी आभार मानायला कप्तानांचा हात धरला. कप्तान म्हणाले, "हिचा धरा. पण जपून, सुयांनी सोललाय."

आता माझं इंजिन काढून नेलंय. बंदराच्या कोपऱ्यात मी नुसतं कोळशाचं कोठार होऊन पडलेय. उद्या मोडणारे येतील, येऊ देत. लोखंड न्या, लाकूड न्या. फक्त ही आगबोट कुणाची होती, असं कुणी विचारलं, तर मालकांचं नाव सांगू नका. इसोबेल रेनीची होती, म्हणावं. डफची होती, मॅक्फीची होती.