गोदामातली ज्योत

गोदामाचं दार लागलं की आत स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. बाहेर सकाळचं लख्ख ऊन असे. पण खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं, फटीफटीत चिंध्यांचे बोळे कोंबलेले. त्या मिट्ट अंधारात माणसं मांडीला मांडी लावून बसत. खोकला आला तरी तोंडात रुमाल धरत. बराच वेळ असाच जाई. मग कुठंतरी एखाद्या बाईला हुंदका फुटे, आणि त्या हुंदक्याचीच वाट पाहत असल्यासारखा समोरच्या चौथऱ्यावरचा दुधी काचेचा हंडा उजळे.

पांढराशुभ्र उजेड. न हलणारा, न थरथरणारा. धूर नाही, काजळी नाही.

"ना तार, ना तेल, ना वात!" हंड्यामागून उजेडबाबा गरजत. "आजवर तुम्ही दिव्याला जपलंत, आता हा दिवा तुम्हाला जपणार! ते विज्ञानवाले मला विचारतात, महाराज, ही ज्योत जळते कशावर? मी म्हणतो, तुमच्यावरच जळते!"

लोक हसत. हसता हसता रडत. एक आजीबाई तर रोज नव्यानं रडत.

"आणि ज्याला शंका असेल," बाबा आवाज एकदम खाली आणत, "त्यानं माझं ऐकू नये. मिस्त्रींना विचारावं."

पहिल्या रांगेतून मिस्त्री उठत. फर्निचरच्या गल्लीत या माणसाच्या शब्दाला किंमत होती. मापात कधी चूक नाही, कच्चं लाकूड पक्कं म्हणून कधी दिलं नाही. ते खाली मान घालून सांगत, "चौथरा मी स्वतः खालून-वरून बघितला. तार नाही. बॅटरी म्हणाल, तर आमचा सगळा दिवस बॅटरीच्या हत्यारांत जातो. ड्रिल तिच्यावर, करवत तिच्यावर, लाइटही तिच्यावरच. आमचा लाइट जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान टाकतो. ही ज्योत सकाळी उजळली की दिवस मावळेपर्यंत जळते. अशी बॅटरी असती तर सगळ्यात आधी मी आणली असती."

संपलं! गल्लीतले सगळे सुतार माना डोलवत. बॅटरीवालेच म्हणतायत बॅटरी नाही, मग आणखी काय हवं? आणि मिस्त्री खोटं बोलत नव्हते. भीती वाटावी अशी गोष्ट तीच होती.

दाराशी एक लाकडी खोकं ठेवलेलं असे. ज्याला ज्योत मिळाली त्यानं दुसरा आधार ठेवायचा नाही, असा नियम होता. खोक्यात चष्मे होते, गोळ्यांची पाकिटं होती, कुणाचा दम्याचा पंप होता. आणि मिस्त्रींच्या मुलीच्या, चिऊच्या, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. ती मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं टाकली होती.

चिऊ दुकानात डबा घेऊन आली तेव्हा मिस्त्री करवत चालवत होते. लाकडाची एक बारीक कपची उडाली आणि नेमकी पोरीच्या डाव्या डोळ्यात शिरली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कपची काढली, पण बुबुळावरची जखम चिघळली. तासातासाला थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं. थेंब झोंबत. बाटली दिसली की चिऊ किंचाळे, "पप्पा, नको ना! पप्पा, तुम्ही नको!" त्या 'तुम्ही'नं मिस्त्रींचा जीव अर्धा होई. दुखवलं आपणच, आता रोज आपणच पुन्हा दुखवायचं? अशा वेळी कुणी म्हणालं, नुसतं ज्योतीसमोर बसवा, तर बाप दुसरं काय करेल?

मिस्त्रींची थोरली बहीण, ताई, शाळेत शिकवायची. बाई मृदू बोलायची. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. परगावचं प्रशिक्षण संपवून ती परतली आणि पिशवी घरी ठेवून तशीच भावाकडे आली. चिऊ अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"चिऊ, बघू गं डोळा."

"आत्या, उजेड टोचतो."

ताईनं हलकेच पापणी उघडली. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका होता.

"हा कधीपासून?"

"थेंब बंद केल्यावर दिसायला लागला, वन्सं," भावजय म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, तोच ताईला सोसवेना. "महाराज म्हणाले, ही ज्योत आत उतरतेय. ठिपका मोठा होत जाईल तसा डोळा उजेडानं भरेल."

"ज्योत नाही गं ती. जखम पसरतेय. उठा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

भावजयीनं चिऊवरचं पांघरूण वर ओढलं. दारात उभे असलेले मिस्त्री म्हणाले, "नाही जमायचं, ताई. महाराजांनी बजावलंय. दुसरं औषध घातलं किंवा हंड्याला हात लावला, तर ज्योत दोन्ही डोळे परत नेईल. दोन्ही! एक मी घालवलाय. दुसराही घालवू?"

ताई चिडली नाही. घाबरलेल्या माणसावर ओरडून काही उपयोग नाही, हे तिला वर्गात रोज दिसत होतं. ती म्हणाली, "बरं. औषध नको. फक्त दुकानात चल. तुझा तो बॅटरीचा लाइट दाखव मला."

"आता लाइट कशाला?"

"चल म्हणते ना."

दुकानात तिनं शटर खाली ओढायला लावलं. फटीला पोती लावली. दोघं अंधारात बसली.

"किती वेळ बसायचं?" थोड्या वेळानं मिस्त्री वैतागले. "गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

"महाराज बसवतात तेवढा वेळ. तिथं गिऱ्हाईक आठवतं का तुला?"

मिस्त्रींनी भिंतीला पाठ टेकली. आणखी वेळ गेला. ताईनं चाचपडत लाइट घेतला, त्यावर दिव्याची दुधी शेड पालथी घातली आणि आत हात घालून एक कळ दाबली.

दुकान उजळलं. पाट्या, फळ्या, भिंतीवरच्या पट्ट्या, ताईच्या कपाळावरचा घाम, सगळं लख्ख दिसलं. तोच पांढरा, न हलणारा उजेड. मिस्त्रींचे हात आपोआप जोडले गेले आणि मग लाजून सुटले.

"लाइट फुल केलास ना?" त्यांनी विचारलं.

"शटर उघड."

शटर वर गेलं. ऊन आत आलं आणि शेडमधला उजेड एकदम केविलवाणा झाला. लागलाय की विझलाय, ते वाकून बघावं लागत होतं.

"ही मंद कळ आहे," ताई म्हणाली. "तू कधी दाबतोस?"

"ती कोण दाबतं? माप घ्यायचं, कापायचं, तर लख्ख उजेड लागतो. गल्लीत कुणीच दाबत नाही."

"म्हणून तुमची बॅटरी जेवणापर्यंत संपते. मंद ठेवली तर हीच बॅटरी दिवसभर चालेल. आणि आधी अंधारात बसवलं की डोळ्याची बाहुली मोठी होते, डोळा कणभर उजेडालाही आसुसतो. मग एवढासा लाइट सूर्य वाटतो. खिडक्या बंद करतात त्या भक्तीसाठी नाही रे."

मिस्त्रींनी शेड काढून लाइट हातात घेतला. "पण बॅटरीतलं मला सगळं कळतं, ताई."

"तुझ्या कामापुरतं कळतं. त्यानं नेमकं तेवढंच वापरलं."

त्यांनी मंद कळ बंद केली, पुन्हा चालू केली. मग म्हणाले, "हे असं होऊ शकतं, एवढंच झालं. त्या हंड्यात हेच आहे कशावरून?"

"उचलल्यावर कळेल."

"आणि ज्योत खरी असली तर?"

ताई घराकडून दुकानात उघडणाऱ्या आतल्या दाराकडे वळली. तिथं चिऊला कडेवर घेऊन भावजय केव्हाची उभी होती. ती म्हणाली, "अहो, जाऊन बघा. हंड्यात काय आहे ते मला या डोळ्यांनी दिसू दे. तुमच्या बॅटऱ्या निघाल्या तर मी तिथूनच दवाखान्यात पळते."

गोदामात त्या दिवशी नेहमीपेक्षा गर्दी होती. दारावरच्या दोन दांडग्या माणसांनी ताईकडे रोखून पाहिलं, पण मिस्त्रींबरोबर आहे म्हणून सोडलं. दार लागलं. अंधारात चिऊ बारीक कण्हत होती. तो आवाज मिस्त्रींना मागून कुठूनतरी येत राहिला. निघताना खिशात घातलेली ड्रिलची बॅटरी मांडीला टोचत होती.

हंडा उजळला. बाबांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती येऊन मिस्त्रींवर थांबली.

"आज आमच्या मिस्त्रींच्या शेजारी शंका येऊन बसलीय," ते प्रेमळ आवाजात म्हणाले. "तिला घरी पाठवा, मिस्त्री. पोरीचा एकच डोळा उरलाय, नाही का?"

मिस्त्री उठले. "महाराज, दार उघडा. एकदा ज्योत उन्हात बघू."

"दार उघडणाऱ्याच्या घरात अंधार होतो."

"अरे, बस की खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. "आमच्यावर कशाला संकट आणतोस?" "पोरीच्या दुखण्यानं डोकं फिरलंय त्याचं!" कुणीतरी सदरा धरून ओढला, तो फाटला. मिस्त्री चौथऱ्यावर चढले. हंड्यावर दोन्ही हात नेले आणि तिथंच अडकले. हंड्यातला उजेड बोटांतून लाल दिसत होता. मागे चिऊ कण्हली, "पप्पा..."

त्यांनी डोळे मिटले आणि हंडा उचलला.

आत एक चौकोनी लाइट होता. त्याच्या बुडाला काळी बॅटरी. त्यांच्या ड्रिलला बसते तीच.

मिस्त्रींनी ती ओढून काढली आणि गोदामात अंधार कोसळला. किंकाळी उठली. "ज्योत मेली! ज्योत मारली यानं!" माणसं एकमेकांवर पडली. कुणाचा तरी हात मिस्त्रींच्या गळ्यावर आला आणि आवळू लागला. पण अंधारात बॅटरी बसवणं हे त्या बोटांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी खिशातली स्वतःची बॅटरी काढली, खाच सापडली. खट्!

आणि त्यांनी फुल कळ दाबली.

असा उजेड त्या गोदामात कधी पडला नव्हता. पत्र्यापर्यंत सगळं पांढरंफटक झालं. लोकांनी तोंडावर हात घेतले. "ही बॅटरी माझ्या ड्रिलची आहे!" मिस्त्री ओरडले. गळ्यावरचा हात सुटला होता. तो शेजारच्या दुकानातल्या सुताराचा होता. "कालपर्यंत छिद्रं पाडत होती! बघा, बाबांशिवाय जळतेय!"

तोवर ताईनं दाराची कडी काढली. ऊन आत शिरलं. मागचा पडदा कुणीतरी खेचला. त्याच्यामागे फळीवर चार्जर मांडलेले होते आणि त्यांत बॅटऱ्या हिरवे डोळे मिचकावत बसल्या होत्या.

उजेडबाबांनी घसा साफ केला. "शाब्बास! हीच माझी परीक्षा होती. बघत होतो, तुमच्यात डोळस कोण आहे!"

"मेल्या, मग माझा चष्मा आण आधी!" रोज रडणाऱ्या आजीबाई कडाडल्या. "डोळस म्हणे!"

कुणी हसलं, बरेच हसले नाहीत. लोक खोक्याकडे धावले, आपापल्या बाटल्या शोधू लागले. दम्याचा पंप मात्र कुणी उचलला नाही. तो ज्याचा होता तो माणूस आठवडाभर आला नव्हता. का, ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. बाबा त्या गडबडीत मागच्या दारापर्यंत पोहोचले, पण सुतारांनी त्यांना तिथंच धरलं आणि पोलीस येईपर्यंत सोडलं नाही. तरीही भिंतीला टेकून काही माणसं मिस्त्रींकडेच रागानं बघत होती. त्यांच्या हातचं काहीतरी हिसकावून नेल्यासारखं.

मिस्त्रींनी हे काही पाहिलं नाही. ते चिऊला छातीशी धरून दवाखान्याकडे पळत होते.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाल्या, "डोळा वाचेल. पण पूर्वीची नजर येणार नाही, डाग राहील. थेंब बंद केले नसतेत तर..." बापाचा चेहरा बघून त्यांनी नवी बाटली हातात ठेवली.

त्या दिवसापासून मिस्त्री स्वतः थेंब घालत. चिऊ रडे, आणि तेही रडत. पण हात हलू देत नसत.

जखम भरत आली तेव्हा गल्लीतली माणसं दुकानाशी जमली. कुणीतरी विचारलं, "मिस्त्री, आता पलीकडच्या वस्तीत एक बाई आलीय. पाण्यातून दुखणं काढते म्हणे. तुम्ही म्हणाल तसं. जावं का?"

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला.

"मी म्हणेन तसं? अरे, मी म्हणालो म्हणूनच तुम्ही त्या गोदामात बसलात. मी खोटं बोललो नव्हतो, चुकलो होतो. भला माणूसही चुकतो. तेव्हा आता माझंही ऐकू नका. देवाला माना, खुशाल माना, त्याला काही दार बंद करावं लागत नाही. पण कुणी खिडकी झाकली तर ती का झाकली ते विचारा. हात लावू नका म्हणाला तर तिथंच आधी हात लावा. आणि कुणी औषध टाक म्हणालं, तर पोराला उचला आणि सरळ दवाखान्यात जा. चौकशी नंतर करा."